सहादूबुवांचा उसना गळा

१

“रीळ गेलं! अहो, रीळ गेलं!”

रेडिओचे कुलथे सकाळपासून कुजबुजल्यासारखं बोलत होते. त्या माणसाच्या छातीत एवढी मोठी आरोळी असेल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही थिएटरच्या मागच्या अंगणात चहा पीत होतो. हातातली कपबशी भिका पहारेकऱ्याच्या ट्रेमध्ये आदळून मी आत पळालो. माझ्यामागे कादंबरीकार निवृत्ती पिंगळे आणि त्यांच्यामागे पुंजाराम सिन्नरकर. प्रेक्षागृहातून धावत, समोरच्या पायऱ्या चढून आम्ही रंगमंचावर गेलो, तर कुलथे टेबलापाशी डोक्याला हात लावून उभे. ध्वनिमुद्रण यंत्रावर घातलेली चादर बाजूला सारलेली, आणि शेजारी रिळाचा चपटा खोका उघडा. आत काही नाही.

“चहाला जाताना मी माझ्या हाताने आत ठेवलं होतं,” कुलथे म्हणाले.

“मग कुणी नेलं?” निवृत्तीरावांनी विचारलं. एवढा हुशार प्रश्न कादंबरीकारालाच सुचतो.

मी काही बोलणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. “आहात तिथेच उभे राहा. एकानेही पाय हलवायचा नाही.”

सावित्रीबाई थेटे. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आता या थिएटरच्या समितीच्या चिटणीस. मी चौथीत त्यांच्या हाताखाली होतो, आणि आज केस पिकायला लागले तरी त्यांनी ‘नाथा’ म्हटलं की माझी पाठ ताठ होते. शाळेतून नाहीशी झालेली ढाल आणि गावातल्या एका डॉक्टरांचं पळवलेलं कुत्रं, या दोन्ही गोष्टी बाईंनी पोलिसांना तसदी न देता शोधून काढल्या होत्या. त्या पायऱ्यांच्या खालीच थांबल्या, चष्मा पदराने पुसला आणि वाकून रंगमंचाच्या फळ्या न्याहाळू लागल्या.

आवाज घुमू नये म्हणून आम्ही दर्शनी पडदा पाडून त्याच्या आत ध्वनिमुद्रण केलं होतं. काम संपलं, आम्ही बाहेर पडलो आणि भिकाने दोर ओढून पडदा वर घेतला. त्या जुन्या मखमलीत साठलेली धूळ चाळणीतून पीठ पडावं तशी अख्ख्या रंगमंचावर आणि पायऱ्यांवर पडली होती. म्हणजे फळ्यांवर आता जे काही उमटलं होतं, ते त्यानंतरचं.

“इथे तुम्ही चौघं उभे आहात,” सावित्रीबाई म्हणाल्या. “पण येऊन गेलेत पाच जण.”

२

हे सगळं सुरू झालं माझ्यामुळेच. मी नाथा मोगल. मेन रोडला माझं पुस्तकांचं दुकान आहे, आणि अधूनमधून एखादं पुस्तक स्वतः काढायची मला खोड आहे. निवृत्तीरावांची ‘पाठीमागचा गळा’ ही कादंबरी मी एकोणऐंशी साली काढली. संगीत नाटकातला एक मोठा नट, शालू नेसून नायिकेची कामं करणारा. आजारपणात त्याचा आवाज जातो. मग कित्येक वर्षं एक बाई विंगेत उभी राहून त्याची पदं गाते आणि तो प्रेक्षकांसमोर नुसते ओठ हलवतो. हा नट म्हणजे आमचे सहादूबुवा सिन्नरकर, अशी कुजबुज नाशकात लगेच सुरू झाली. बुवांवर जीव टाकणारी म्हातारी माणसं अजून घरोघरी आहेत. त्यांना घाबरून निवृत्तीरावांनी रेडिओच्या पहिल्या दोन्ही मुलाखतींत आवाज खाली आणून सांगितलं, “ही बाई पूर्णपणे माझ्या कल्पनेतली आहे.”

दुसरी मुलाखत लागली आणि दुसऱ्या दिवशी ती कल्पनेतली बाई माझ्या दुकानाची पायरी चढून आली. साधं पांढरं लुगडं, गळ्याला मफलर, साठीची.

“मी मालनबाई,” ती म्हणाली. “पिंगळेसाहेब पूर्वी माझ्या घरी येऊन बसायचे. मी सांगायची, ते ऐकायचे.” मग जरा अडखळत तिने विचारलं, “माझं नाव घेतलं तर पुस्तक नासंल का हो?”

मला तर तोंड लपवावंसं वाटलं. तिचा बाप सिन्नरकरांच्या नाटकमंडळीची बैलगाडी हाकायचा. तालमी ऐकून ऐकून पोरगी पदं शिकली. गावकुसाबाहेरच्या पोरीला त्या काळी रंगमंचावर कोण उभं करणार? पण पाठीमागे अंधारात तिचा गळा सगळ्यांना चालला.

मी तडक निवृत्तीरावांच्या घरी जाऊन आवाज चढवला. शेवटी ठरलं, की तिसऱ्या मुलाखतीत त्यांनी मालनबाईचं नाव घ्यायचं आणि तिने एक पद गायचं. घाई होती, कारण तिच्या घशात गाठ होती. येत्या सोमवारी शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर आवाज राहील याची हमी डॉक्टर देत नव्हते. म्हणून कुलथे यंत्र घेऊन शनिवारी नाशकात आले आणि सावित्रीबाईंनी थिएटर उघडून दिलं.

त्या दुपारी मालनबाई तानपुरा घेऊन आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचाच्या मधोमध बसली. गायली. वरच्या स्वराला आवाज फाटला. ती पुन्हा त्याच स्वराला गेली, पुन्हा फाटला, तरी पद पुरं केलं. मग खोकल्याची अशी उबळ आली की रुमालाला रक्त लागलं. तिला रंगपटात सतरंजीवर निजवून आम्ही चहाला गेलो होतो.

आता दुसऱ्यांदा गाणं शक्य नव्हतं. कुलथ्यांची गाडी संध्याकाळची. रीळ मिळालं नाही तर मालनबाईचा गळा तिच्या नावाने कुणीच, कधीच ऐकणार नव्हतं.

सावित्रीबाई आणि मी तिला सांगायला आत गेलो. तिने ऐकून घेतलं. मग कसंबसं विचारलं, “त्यात माझं नाव बोलले व्हते ना?”

“बोलले होते,” सावित्रीबाई म्हणाल्या, आणि तरातरा बाहेर आल्या. चौथीत छडी उचलण्याआधी त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

३

“झडती घ्या की सगळ्यांची,” पुंजाराम म्हणाला. “त्यो फाटकापाशी सायकलवाला बसलाय ना, त्याच्यापासून चालू करा.”

सायकलवाला म्हणजे कोंडाजी, मालनबाईचा मुलगा. देवळाली कॅम्पात कारकून. आईला रिक्षात बसवून तो सायकलने मागोमाग आला होता. मी त्याला आत बोलावलं तेव्हा म्हणाला होता, “नको साहेब. मी थेटरात कधी पाय ठेवला नाय, आन् ठेवायचा बी नाय.” तेव्हापासून तो फाटकापाशीच होता.

“त्याच्यापासूनच का?” सावित्रीबाईंनी विचारलं. “झडती होणार नाही. मी बोलावलेल्या माणसांच्या पिशव्या मी उपसत नसते. तुम्ही मात्र न बोलावता आलात. कशाला आलात ते सांगा.”

पुंजाराम हा सहादूबुवांचा मुलगा, नाशिक रोडला पाण्याच्या पंपांचं दुकान चालवणारा. आल्या आल्या त्याने कुलथ्यांना दम भरला होता, की मुलाखत लागली तर कोर्टात खेचीन.

“भांडायला आलो,” तो म्हणाला. “बापाच्या अब्रूचा सवाल हाये. पण मी भांडतो ते तोंडावर. चोऱ्या नाय करत.”

“चहाच्या वेळी कोण कुठे होतं? नाथा, तू सांग.”

मी आठवून सांगितलं. पुंजाराम मध्येच हात धुवायला गेला होता. निवृत्तीराव पान आणायला गेले होते. कुलथे फोन लावायला कचेरीत जाऊन आले होते. म्हणजे एकाचंही धड सांगता येत नव्हतं. भिका तेवढा ट्रे घेऊन सगळा वेळ माझ्यासमोर होता.

“आणि बोलणं काय झालं?”

“कुलथे म्हणाले, आवाज बराच फाटलाय, पण लावायला हरकत नाही. त्यावर पुंजारामशेठ हसले.”

“हसणारच!” पुंजारामने छाती काढली. “म्हटलं, लावाच रेडिओवर. असला फुटका आवाज माझ्या बापाचा म्हणून कोण मानणार? लोक हसून हसून लोळतील. बाईच खोटी ठरंल. मला कोर्टाची गरजच काय?”

“एवढ्याच मोठ्याने म्हणालात?”

“माझा आवाजच हाये मोठा. त्याला मी काय करू?”

सावित्रीबाईंनी मान हलवली आणि कुलथ्यांकडे वळल्या. “ध्वनिमुद्रण संपल्यावर निवृत्तीरावांनी तुम्हाला कोपऱ्यात घेतलं होतं. काय म्हणाले?”

कुलथे अवघडले. निवृत्तीरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

“विचारत होते,” कुलथे अगदी हळू म्हणाले, “नावाचा भाग कापून टाकता येईल का म्हणून.”

४

निवृत्तीरावांच्या अंगावर धावून जावं असं मला वाटलं. बाईंनी हात आडवा केला म्हणून थांबलो.

“हो, विचारलं,” निवृत्तीराव म्हणाले. “दोनदा सगळ्यांना सांगून बसलोय, कल्पनेतली म्हणून. आता तिसऱ्यांदा खरं बोललो तर मी कोण ठरतो? भीती वाटली. पण रीळ मी नेलेलं नाही. शपथ घेतो हवी तर.”

“शपथ नको. तुमच्या पायांत काय आहे?”

“कोल्हापुरी. का?”

“तुमच्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात नटमंडळी रंगमंचावर कशी चढतात?”

“चपला बाहेर काढतात, फळीला हात लावून कपाळाला लावतात आणि मग...” निवृत्तीरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या करकरीत कोल्हापुरीचे ठसे पायरीपासून थेट टेबलापर्यंत आले होते. “लिहिताना ते फार आवडलं होतं मला,” ते पुटपुटले.

“नाथा, जपून खाली ये. आणि हे बघ.”

सगळ्यात वरच्या पायरीवर, एका बाजूला, धुळीत चपलांच्या जोडीचा ठसा होता. जोडीने, नीट लावून ठेवलेल्या. तिथून पुढे अनवाणी पावलं टेबलापर्यंत गेली होती आणि परत आली होती. आमच्या धावपळीत त्यातली निम्मी पुसली होती. पण रंगमंचाच्या अगदी कडेला, पायरीसमोर, बोटांच्या टोकांचे ठसे स्वच्छ उमटले होते.

“चढताना हात टेकला असेल घाईत,” मी म्हणालो.

“घाईतला माणूस चपला जोडीने लावतो का? आणि हात टेकला तर तळवा उमटतो. इथे नुसती बोटं आहेत. नाथा, चोरी करायला आलेल्या माणसाने आधी रंगमंचाला नमस्कार केलाय. आपण तो केला हे त्याला कळलंसुद्धा नसेल. अशी सवय लहानपणी लागली तरच अशी अंगात राहते.”

मग त्यांनी एकेकाकडे बघत हिशेब मांडला. कुलथे बूट घालून आले, त्यांना रंगमंच म्हणजे यंत्र ठेवायची जागा. निवृत्तीराव चपला काढतात त्या पुस्तकात. माझ्या सँडलींकडे त्यांनी असं पाहिलं की मला पाय कुठे ठेवावेत ते समजेना. आणि पुंजाराम चांगले नाडीचे बूट घालून बापाच्या रंगमंचावर उभा होता.

“बापाने मला कधी थेटरात येऊच दिलं नाय,” पुंजाराम घुश्शात म्हणाला. “बोर्डिंगात घातलं.”

“दिसतंय ते. शिवाय तो आवाज ऐकल्यापासून हे रीळ लागावं अशी सगळ्यात जास्त इच्छा तुमचीच आहे. तुम्ही ते चोराल कशाला?”

“मग राहिलं कोण?” मी विचारलं, आणि रंगपटाच्या दाराकडे पाहिलं. “बाई, मालनबाई तर नव्हे?”

“तिला उठून बसायला दोघांचा आधार लागतो. आणि ही पावलं पुरुषाची आहेत.” त्यांनी तिघांना अंगणात पाठवून दिलं आणि भिकाला पुन्हा चहा करायला सांगितलं. ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “फाटकावरून कोंडाजीला बोलाव. म्हणावं, आईचा तानपुरा वर राहिलाय, तो उतरवून ने.”

“पण बाई, तो तर म्हणतो, थिएटरात कधी पाय...”

“जा तू.”

५

कोंडाजी यायला तयार नव्हता. आईचा तानपुरा म्हटल्यावर उठला. प्रेक्षागृहात अंधूक उजेड होता. मी दोनदा खुर्च्यांना अडखळलो, तो मात्र सरळ चालत गेला. सावित्रीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. तो समोरच्या पायऱ्या चढला. वरच्या पायरीवर त्याने चपला काढल्या, पायानेच जुळवून कडेला सारल्या, वाकून फळीला बोटं लावली, कपाळाला लावली आणि तानपुऱ्याकडे निघाला.

दोन पावलं टाकून तो थबकला. मागे वळून त्याने पाहिलं. फळीवर आधीची बोटं होती, आणि त्यांच्या शेजारी आत्ताची.

“ही सवय कधीपासून?” सावित्रीबाईंनी विचारलं. त्या इतक्या मऊ बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

कोंडाजी तिथेच खाली बसला. “कळायला लागल्यापासून,” तो म्हणाला. “आई विंगेत गायची, मी तिच्या पायापाशी बारदानावर निजायचो. त्यो आवाज अजून कानात हाय माझ्या. तसा गळा पुन्हा कुठं ऐकला नाय, रेडिओवर बी नाय. मंडळी बंद पडली तसं ठरवलं, थेटरात पाय ठेवायचा नाय. आज तिच्यासाठी आलो. बाहेरून ऐकत बसलो. लय तुटला हो आवाज.”

“आणि पुंजारामशेठ हसले.”

“फाटकापातुर ऐकू आलं. लोक हसून लोळतील म्हणला. बाई खोटी ठरंल म्हणला.” कोंडाजीचा आवाज चढला. “खरंच हाय त्याचं. सगळं राज्य ऐकणार. म्हणणार, ह्या म्हातारीनं बुवांची पदं गायली व्हय? आजपातुर तिला खरी कुणी म्हणलं नाय, पण खोटी तरी कुणी म्हणत नव्हतं. परवा तिचा घसा कापणार, आन् वर लोकांचं हसणं ऐकून ती मरणार. मी तिचा पोरगा हाय, बाई. कसं चालून द्यायचं?”

चोर सापडल्यावर माणसाला बरं वाटायला हवं, मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

“रीळ कुठे आहे?”

“सायकलच्या पिशवीत. तिच्या स्वेटरमधी गुंडाळलंय. गोदावरीत टाकणार व्हतो जाताना. पण टाकवलं असतं का, काय माहीत. तिचाच आवाज ना त्यो.”

सावित्रीबाई काही बोलणार तोच विंगेतून खरखरीत आवाज आला.

“कोंडा.”

६

मालनबाई विंगेतल्या खांबाला धरून उभी होती. तिथवर ती कशी आली कोण जाणे. सगळं ऐकलं होतं तिने. कोंडाजी धावत गेला आणि तिला धरलं. तिने त्याचा हात बाजूला केला.

“मला कान नाय का रे?” ती म्हणाली. एकेका शब्दाला तिला थांबावं लागत होतं. “फाटला ते तुझ्याआधी मला कळलं. मी पुन्हा तिथंच गेले. मुद्दाम गेले.”

“आई, तो हसत व्हता...”

“हसू दे.” तिने दम घेतला. “चांगला व्हता तवा दुसऱ्याच्या नावावर गेला. हा फाटका तरी माझ्या नावावर जाऊ दे.”

कोंडाजी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. सावित्रीबाईंनी तोंड फिरवलं आणि उगाचच चष्मा पुसत राहिल्या.

अंगणात जाऊन त्यांनी रीळ कुलथ्यांच्या हातात दिलं. “सापडलं,” म्हणाल्या. “कुठे, ते कुणी विचारायचं नाही.” पुंजारामने तोंड उघडलं होतं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने ते मिटलं. निवृत्तीराव मात्र गप्प बसले नाहीत. गाडीला अजून वेळ होता. कुलथ्यांना त्यांनी यंत्र पुन्हा लावायला सांगितलं, आणि मुलाखतीला एवढंच जोडलं, की पहिल्या दोन मुलाखतींत मी खोटं बोललो. बोलताना त्यांची जीभ अडखळत होती. कुलथ्यांनी ते अडखळणं कापलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्याच आठवड्यात मुलाखत लागली. मी माझा ट्रान्झिस्टर घेऊन इस्पितळात गेलो. मालनबाईच्या गळ्याभोवती पट्ट्या होत्या. आवाज येईल की नाही, डॉक्टर अजून काही सांगत नव्हते. कोंडाजी तिच्या उशाशी बसला होता. वॉर्डातल्या बायाही हळूहळू खाटेभोवती जमल्या.

आधी निवेदिकेने नाव घेतलं, मालनबाईचं, पूर्ण. मालनबाईने डोळे मिटले. मग पद सुरू झालं.

“कोण गातंय?” शेजारच्या खाटेवरच्या ठमाबाईने विचारलं.

“माझी आई,” कोंडाजी म्हणाला.

पद वर चढायला लागलं. ती जागा जवळ येत होती. शेवटी मला राहवेना. आवाज कमी करावा म्हणून मी ट्रान्झिस्टरकडे हात नेला. कोंडाजीने माझा हात धरून बाजूला केला, आणि जिथे तिचा आवाज फाटला, तिथे त्याने बटण फिरवून रेडिओ मोठा केला.